तीन घरांची मावशी

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो कागदावरच गोड मानून घ्यावा. हल्ली मी खाली बसले की उठवायला माणूस लागतो, आणि आमचे हे अशा वेळी नेमके अंघोळीला गेलेले असतात.) तब्येत कशी आहे? सकाळचं फिरणं चालू आहे, की फिरायला जातो म्हणून कोपऱ्यावरच्या बाकावर तास काढून परत येता? मामींचा खोकला थांबला का? मोतीबिंदूचं काय ठरलं? काही ठरलं नसेल तर रागावू नका, मी नुसतं विचारलं. मामी म्हणत होत्या की परवा तुम्ही सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोराला बोलावलंत आणि वर त्यालाच सांगितलंत, की तुला सवय व्हावी म्हणून बोलावलं. मी त्यावर काहीही बोलणार नाही.

आधीच सांगून टाकते, या पत्रात मागणं काही नाही. तुमचं म्हणणं असतं की भाचीचं पत्र आलं म्हणजे काहीतरी निघणार. तसं नाही. माणसाला आपल्या मामाशी कधी उगीच चार गोष्टी बोलाव्याशा वाटतात, तेवढंच. शिवाय गेल्या लग्नात तुम्ही माझी ओळख तिघांना करून दिलीत, एकाला 'पोलिसात आहे', दुसऱ्याला 'शाळेत आहे' आणि तिसऱ्याला 'सरकारी आहे, चहा बरा मिळतो' अशी. म्हणून एकदा नीट लिहिते. मी प्रोबेशन अधिकारी आहे. अठराच्या आतल्या मुलांच्या हातून काही गुन्हा घडला की बाल न्याय मंडळ त्यांना लगेच संस्थेत, म्हणजे सुधारगृहात, पाठवत नाही. अटी घालून घरी राहू देतं, आणि त्या अटी पाळल्या जातात की नाही ते बघायला मी. दर सोमवारी मुलं माझ्याकडे सही करायला येतात, महिन्यातून दोनदा मी त्यांच्या घरी जाते, शाळेत जाते, कामावर जाते आणि मग अहवाल लिहिते. सध्या अशी एकवीस मुलं माझ्याकडे आहेत. खोली एक, टेबल दीड (अर्ध्यावर कपाट झुकलेलं आहे), पंखा आहे पण तो फक्त माझ्या सहकाऱ्याकडे बघतो. मी चिडकी आहे असं ऑफिसात बोललं जातं. ते साफ खोटं आहे, हे मी टेबलावर हात आपटून सगळ्यांना सांगितलेलं आहे. पण खरं सांगू का मामा, मी मजेत आहे. चौदा वर्षं झाली, सोमवारी सकाळी अजून मला उठायचा कंटाळा येत नाही.

आता या कामात एक पक्का नियम असतो. घरभेटीला जाताना आपण कोण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू द्यायचं नाही. एकदा 'ऑफिसच्या बाई' येतात हे फुटलं की गल्लीत कुणाचं काही हरवलं तरी बोट त्याच पोराकडे. म्हणून आम्ही सगळे सोंगं घेतो. माझे सहकारी विमावाले होतात (एका घरानं खरंच विमा काढायचा म्हटल्यावर त्यांची पळता भुई थोडी झाली). दुसऱ्या एक बाई पाण्याच्या टाक्या तपासायला जातात, आणि आता त्यांना टाक्यांतलं इतकं कळायला लागलंय की लोक त्यांना मुद्दाम बोलावतात. मी मावशी होते. आत्या झाले असते, पण आत्या म्हटली की ती बापाकडची, मग तिचं सासर कुठलं, इतकी वर्षं का आली नाही, अशा पन्नास चौकशा होतात. मावशीला कुणी काही विचारत नाही. हातात पिशवी घ्यायची, जिना चढताना धापा टाकायच्या, आणि दारात 'किती वाळलास रे' म्हणायचं. झालं.

घोळ असा झाला की एकाच तीन मजली इमारतीत माझी तीन मुलं निघाली. पहिल्या मजल्यावर एक खिडक्या फोडणारा, तिसऱ्यावर एक दुसऱ्यांचे मोबाइल 'सापडणारा', आणि तळमजल्यावर जिच्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे ती. तिन्ही घरांत मी मावशीच. त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई दिवसभर जिन्यात भाजी निवडत बसतात. त्यांनी चार महिने माझं येणं-जाणं बघून हिशेब मांडला, की ही जर तिघांची मावशी, तर त्या तिघांच्या आया सख्ख्या बहिणी असणार. आणि पहिल्या व तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांचं तर वाळत घातलेल्या चादरीवरून नऊ वर्षं बोलणं बंद! या बाईंनी एक दिवस दोघींना जिन्यात गाठून फैलावर घेतलं, की एका आईच्या लेकी तुम्ही, लाज वाटत नाही का. आता दोघींनी 'आम्ही बहिणी नाही' म्हणायचं, तर 'मग ती कोण' याचं उत्तर द्यावं लागणार. दोघी एकमेकींशी मान खाली घालून बोलायला लागल्या. आता तर एकमेकींच्या घरी वाटी येते, जाते, आणि मी गेले की दोघी मिळून माझ्या गुडघ्याला काय लावावं यावर वाद घालतात. चौदा वर्षांतलं माझं सर्वांत मोठं काम हे, आणि अहवालात त्यासाठी रकानाच नाही.

तळमजल्यावरची मुलगी सतरा वर्षांची. नाव लिहायची मला परवानगी नाही (बाकीचं तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे). इमारतीत तिला सगळे पक्कड म्हणतात, तेच आपण म्हणू. तिनं पाच स्कूटरी पळवल्या. पळवल्या म्हणजे काय, तर रस्त्यात उभ्या असलेल्या स्कूटरचा आवाज तिला आजारी वाटला की तिला राहवत नसे. न्यायची, कुठेतरी आडबाजूला उघडायची, दुरुस्त करायची, एक चक्कर मारायची आणि परत आणून ठेवायची. पण आणून ठेवायची ती जिथे जागा मिळेल तिथे, त्यामुळे मालक बोंबलत चौकीत. तिसरी स्कूटर तर एका पोलीस शिपायाचीच होती. मंडळापुढे त्यांची साक्ष झाली तेव्हा ते म्हणाले की गाडी चोरीला गेली हे खरं, पण ब्रेक त्यानंतरच लागायला लागले. अध्यक्षबाईंनी हे वाक्य लिहून घेतलं नाही.

हसू नका, पाचव्या वेळी हसण्यासारखं काही राहिलं नाही. वळणावर गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या इस्त्रीवाल्या बाईंना धडकली. त्यांचं मनगट मोडलं. पक्कड पळाली नाही, तिथेच बसून राहिली. मग मंडळानं तिला एक वर्ष माझ्या देखरेखीखाली घरी ठेवलं, अट एकच मोठी: शाळा सुटलेलीच आहे, तर कुठेतरी रीतसर काम शिकायचं. काम सुटलं तर संस्था. मला ही पोरगी पहिले दोन महिने अजिबात आवडली नव्हती, हेही सांगते. प्रश्नाला उत्तर नाही, हूं नाही की चूं नाही, नुसती माझ्या टेबलाच्या ढिल्या पायाकडे बघत बसायची. एकदा मी इतकी तापले की तिला बाहेर उभं केलं. त्याच संध्याकाळी इस्त्रीवाल्या बाईंकडे चौकशीला गेले, तर ही तिथे इस्त्री करत उभी. बाईंचा हात गळ्यात, आणि ही सहा आठवडे रोज संध्याकाळी येऊन त्यांचं काम करून देत होती, कुणी न सांगता. तीन शर्ट जाळले, तेही तिनंच गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन सांगितलं. मी घरी येऊन ह्यांच्यासमोर रडले. ह्यांना वाटलं गुडघा.

तर मी तिच्यासाठी काम शोधलं. पलीकडच्या गल्लीत एक गॅरेजवाले आहेत, तोंडानं फाटके, पण हात सोन्याचा. जिन्यातल्या बाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मावशी म्हणजे लाख माणूस, तीन बहिणींचे संसार एकत्र आणले. त्यामुळे मी तोंड उघडताच ते म्हणाले, मावशींची भाची म्हणजे विचारायचं काय, उद्यापासून पाठवा. आता इथे मी सांगायला हवं होतं, मामा. लपवायचा नियम शेजाऱ्यांसाठी आहे, काम देणाऱ्यासाठी नाही. त्याला सगळं सांगायचं असतं. मी स्वतःशी म्हटलं, आधी आठ दिवस पोरीचा हात बघू दे, मग सांगू. आठाचे पंधरा झाले, पंधराचे दोन महिने. मी घाबरले होते अशातला भाग नाही. म्हणजे, घाबरलेच होते. पोरगी सकाळी नऊला जायची, रात्री कानापर्यंत काळी होऊन हसत यायची, आणि सोमवारी माझ्याशी सलग चार-चार वाक्यं बोलायला लागली होती (सगळी कार्बुरेटरवर, पण बोलत होती). ते मोडायचं माझ्या जिवावर आलं.

मग गेल्या गुरुवारी तो पोलीस शिपाई गाडी सर्व्हिसिंगला घेऊन त्याच गॅरेजात आला. पक्कडला बघून त्याला कोण आनंद झाला. चांगला माणूस हो, काही मनात नाही, भर गॅरेजात विचारतो, काय गं, तुझी केस संपली का, आणि त्या ऑफिसच्या जाड्या बाई काय म्हणतात. (जाड्या हे त्यानं म्हटलं असं पक्कडनं मला सांगितलं. न सांगितलं तरी चाललं असतं.) गॅरेजवाल्यांनी मला बोलावून घेतलं. मी पोरीची बाजू मांडायची तयारी करून गेले होते, आवाज चढवायचीही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरीनं स्कूटरी पळवल्या, ते मला चालेल. तुम्ही तिच्या मावशी नाहीत, ते नाही चालणार." ज्या कामाची सुरुवातच खोट्यानं झाली ते काम मला नको, असं म्हणून त्यांनी तिचा डबा तिच्या हातात दिला. मामा, चूक माझी, आणि काम गेलं तिचं.

येत्या शुक्रवारी अकरा वाजता मंडळापुढे तारीख आहे. अध्यक्षबाईंनी स्पष्ट सांगितलंय, नवीन कामाचा कागद आणा, नाहीतर तिला एक वर्ष संस्थेत पाठवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. संस्था वाईट आहे असं नाही. तिथे बागकाम शिकवतात. पण या पोरीला झाडाशी काय बोलायचं ते कळणार नाही.

मी शनिवारी कंबर कसली आणि आता सगळं खरंच सांगायचं असं ठरवलं. इतकं ठरवलं की फ्रिज दुरुस्तीवाल्याला पहिल्या वाक्यापासून अख्खी फाइल ऐकवली, पाचही स्कूटरींसकट. त्यानं ऐकता ऐकता शटर कमरेपर्यंत ओढलं, मग गुडघ्यापर्यंत, आणि शेवटची स्कूटर मी वाकून सांगितली. पंख्यांचं वाइंडिंग करणारे गृहस्थ सगळं ऐकून म्हणाले, तुमचं सगळं पटलं बाई, पण मी गेल्या वर्षीच दुकान बंद केलंय, मी फक्त इथे बसतो. सायकलवाल्यानं होकार दिला होता, पण त्याची बायको आली आणि तिनं कानांवर हात ठेवले. पक्कड तिन्ही ठिकाणी माझ्याबरोबर होती. परत येताना मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही थोडं हळू सांगा." तेवढंच. मला तिनं तोवर एकदाही दोष दिला नव्हता, अजूनही दिलेला नाही. त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर मला झोप लागली असती.

रविवारी मी तिला आणि तिच्या आईला घरी जेवायला बोलावलं. (नियमात बसतं का? माहीत नाही. बघितलं नाही.) जेवण झाल्यावर मी आणि तिची आई बोलत बसलो, आणि ही दिसेना. बघते तर मागच्या खोलीत माझ्या आईच्या शिलाई मशीनपुढे बसलेली. तेच हो, जे तुम्ही बारा वर्षांपूर्वी बघून म्हणाला होतात की शाफ्ट वाकलाय, आता याच्यावर कुंडी ठेव. मी ठेवली होती. तिनं कुंडी खाली काढली, चाक अर्धा इंच मागे-पुढे केलं, कान लावला, आणि माझ्याकडे रॉकेल आणि जुनी चिंधी मागितली. दोन तासांनी तिनं आतून बोटभर दोऱ्याचा गुंडा काढला, त्यावर तेल वाळून दगड झालेलं. शाफ्ट सरळ होता. (मी काही म्हणत नाही, मामा. त्या काळी माझ्याकडे उजेडही कमी होता.) संध्याकाळी मशीन सुरू झालं. तो आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी ह्यांच्या पायजम्याला नाडीची पट्टी घालून घेतली, उशीचे दोन अभ्रे शिवले, आणि एक रुमाल विनाकारण शिवला. मशीन अगदी नव्यासारखं झालंय. आईनं ते कुणाकडून घेतलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, भावानं बहिणीला स्वतः जुळवून दिलेलं मशीन होतं ते.

असो. लिहीत बसले तर पानं पुरणार नाहीत. इकडे बाकी सगळं ठीक. हे मजेत आहेत, पायजमा आवडला. तुम्ही मामींना त्रास देऊ नका, बाकावर बसायचं तर निदान चालत जा. ज्यांना ज्यांना आठवण आहे त्यांना माझा नमस्कार, ज्यांना नाही त्यांना करून द्या.

तुमची,
खरीखुरी, सख्ख्या बहिणीची
भाची

ता. क. मागणं नाही म्हटलं होतं, पण कागद उरलाय म्हणून लिहिते. तुम्ही तुमच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या छापील कागदावर तीन ओळी लिहून दिल्यात, की अमुक मुलीला शिलाई मशीन दुरुस्ती शिकवायला मी तयार आहे, तर शुक्रवारी मला अध्यक्षबाईंपुढे तो ठेवता येईल. तुम्ही पुन्हा मदतनीस ठेवणार नाही अशी शपथ घेतली आहेत, ते मला माहीत आहे. मागचा शिट्टी वाजवायचा म्हणून तुम्ही त्याला काढलंत. ही शिट्टी वाजवत नाही. ही काहीच वाजवत नाही. आणि दोरा तिला पहिल्या खेपेस ओवता येतो.

ता. क. दुसरं. या खेपेला मी काहीही लपवलेलं नाही, वरचं सगळं तुम्हाला कळावं म्हणूनच इतकं लांब लिहिलं. एकच राहिलं: मामींना मी रविवारी रात्रीच फोन केला. त्या हो म्हणाल्या, आणि माळ्यावरची मदतनिसाच्या हत्यारांची पेटी काढून पुसूनही ठेवली आहे. तरी निर्णय तुमचाच आहे.

ता. क. तिसरं. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आणून देणारी तीच. तिची आई रस्त्यापलीकडे उभी आहे, तिला वर यायला संकोच वाटतो. पाकीट मी चिकटवलेलं नाही आणि तिला सगळं वाचायला सांगितलंय, कारण तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल काही लिहायचं नाही असं मी आता ठरवलंय. तुम्ही बस म्हणाल्याशिवाय ती बसणार नाही. तेव्हा बाकीचं नंतर ठरवा, आधी तिला बस म्हणा.

ता. क. हे मी लिहिते आहे, खाली तुमच्या जिन्यात बसून. मॅडमना माहीत नाही. त्यांनी मशीन अगदी नव्यासारखं झालंय असं लिहिलंय, ते खरं नाही. पातळ कापडावर चालतं. जाड कापडावर दर सात-आठ टाक्यांनी एक टाका सुटतो. सुई वर यायला लागते तेव्हा तिचा दोरा पकडणारं शटलचं टोक केसभर उशिरा पोचतं. मी स्क्रू ढिला करून ते पुढे घेतलं, तर पातळ कापडावर बिघडलं, म्हणून परत होतं तसं केलं. मॅडम जाड काही शिवत नाहीत म्हणून त्यांना कळलेलं नाही. तुम्ही मला ठेवलं नाही तरी चालेल, पण तेवढं कसं करायचं ते सांगाल का? मी मशीनचं डोकं बरोबर आणलं आहे.